डाव्या तळहातावरचं काम

सबंध मराठवाड्यात माझ्या साडूइतका निवांत माणूस सापडणार नाही, आणि त्या निवांतपणावर माझ्याइतका जळलेला माणूसही सापडणार नाही. तो बजाजनगरात राहतो, कारखान्यात पाळ्या करतो, फुलंब्रीची शेती बघतो. तरी कधीही भेटा, गडी आत्ताच झोपून उठल्यासारखा ताजा. मी कचेरीतला कारकून. माझ्याकडे जाड डायरी. तीत रोज सकाळी मी कामांची यादी करतो, आकडे घालून, महत्त्वाच्या कामांखाली लाल रेघ ओढून. यादी विसाच्या खाली कधी आली नाही. संध्याकाळी उरलेली कामं उद्याच्या पानावर सुवाच्य अक्षरात उतरवतो. खरं सांगायचं तर हे उतरवणं एवढंच माझ्याकडून नेमानं होतं.

साडूची डायरी म्हणजे त्याचा डावा तळहात. सकाळी पेनानं त्यावर काम लिहायचं. एकच. "भाऊसाहेब, दुसऱ्याला जागाच पुरत नाय," असं म्हणतो. काम झालं की साबणानं हात धुवायचा आणि मोकळं व्हायचं. तोवर त्या हाताला पाणी नाही. आंघोळीच्या वेळी डावा हात न्हाणीच्या दाराबाहेर. सासुरवाडीत एका पाहुण्या मावशींना वाटलं, हा साबण मागतोय. त्यांनी ओली वडी हातावर ठेवली तसा आतून ओरडला, "मावशी, बैलाचा डॉक्टर पुसला की वो!" एकदा तो झोपलेला असताना त्याच्या बायकोनं हातावर 'दळण' लिहिलं. उठला, वाचलं, डबा घेऊन गिरणीत गेला. "हातावर हाय म्हणजे माझंच हाय," एवढंच म्हणाला. तेव्हापासून माझी बायको मला येता-जाता ऐकवते, "त्यांचा हात बघा आणि तुमची डायरी बघा."

आता जे सांगायचं ते सांगतो. माझ्या यादीत दोन वर्षं एक ओळ रोज उतरत होती : बाबांना बिडकीनला नेणे. तिथं त्यांचे शाळासोबती गणपतराव राहायचे. निजामाच्या राज्यात दोघं एका बाकावर उर्दू शिकले होते. बाबा आधी आठवण करायचे, मग माझ्याच वतीनं "सवडीनं बघू" म्हणायला लागले, आणि मग गप्पच झाले.

एका रविवारी साडू रात्रपाळी करून आमच्याकडे जेवायला आला आणि जेवून आडवा झाला. डावा तळहात उघडा, कोरा. मी पेन काढलं आणि त्यावर ती ओळ लिहिली. चेष्टा म्हणून, असं मी मनाला सांगितलं. खरं म्हणजे याचंही एखादं काम राहून जावं, एवढंच मला बघायचं होतं.

तीन वाजता तो उठला. हात बघितला, एकदा माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "बाबा, चपला घाला. बिडकीनला जाऊन येऊ." आणि स्कूटर काढली.

दिवेलागणीला दोघं परतले. बाबा उर्दूचा पहिला धडा म्हणतच पायऱ्या चढले. मला म्हणाले, "तो सांगत होता, तूच पाठवलंस म्हणून. लई बरं केलंस रे."

साडू मोरीत हात धूत होता. मी "हो" म्हणालो.

त्या एका शब्दाचं ओझं अजून उतरलेलं नाही. बाबांना जाऊन चार वर्षं झाली. साडूनं तो विषय कधी काढला नाही, आणि त्याचाही मला हेवा वाटतो. परवा मात्र निघताना उंबऱ्यात थांबून म्हणाला, "भाऊसाहेब, गणपतराव हायत अजून. मी जातो मधूनमधून. ते म्हणत व्हते, ज्यानं दोस्ताला धाडलं त्याला एकदा बघायचंय."

आज सकाळी मी डायरी उघडली नाही. तळहातावर एकच शब्द लिहिला आणि आंघोळीला गेलो. माझा हात दाराबाहेर बघून बायकोनं विचारलं, "साबण हवाय का?"

"नको," मी म्हणालो. "हा हात संध्याकाळी धुईन."