पेढे कशाचे?

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. शहागडला हमरस्त्यावर माझं चहाचं हॉटेल होतं आणि मी बोलका माणूस — चहाच्या आधी गिऱ्हाइकाला एखादी कोटी ऐकवायचो. लोक हसायचे. त्या हसण्याची मला फार चटक होती.

शेजारी महेबूबचं पंक्चरचं दुकान. कित्येक वर्षांचा शेजार. त्या दिवसांत आपल्या सरकारची पाकिस्तानशी बोलणी चालली होती. रोज टीव्हीवर तेच निवेदन — बोलणी खेळीमेळीच्या वातावरणात झाली, उद्या पुढची फेरी. लढाई होऊन फार काळ लोटला नव्हता. ट्रकवाले ऐकायचे आणि शिव्या घालायचे. त्याच आठवड्यात महेबूबच्या पोरीच्या, शकीलाच्या लग्नाची बोलणी चालू होती, गेवराईच्या मुलाशी. मी त्याला चिडवायचो, लवकर उरक रे, नाहीतर सरकार तुझ्या आधी उरकेल. तो लाजायचा.

मग एका सकाळी टीव्हीवर सांगितलं — बोलणी फिसकटली, संयुक्त निवेदन निघणार नाही. हॉटेलात जीपमधून उतरलेली बाहेरगावची पोरं बसली होती. पाकिस्तानने आपल्याला तोंडघशी पाडलं म्हणून डोकी तापलेली. आणि नेमका तेव्हाच महेबूब पेढ्यांचा पुडा घेऊन हसत हसत आत आला. पहिला पेढा त्याने माझ्या तोंडात भरवला. एका पोराने विचारलं, पेढे कशाचे? महेबूब सांगणारच होता — पण त्याआधी मी बोललो.

"बोलणी फिसकटली ना!"

कोटी होती. कुणीतरी हसेल म्हणून केलेली. कोणी हसलं नाही.

पहिली लाथ त्याच्या पोटात बसली. मग सगळेच तुटून पडले. चाक काढायची टामी त्याच्याच दुकानातून आणली आणि त्याच्या उजव्या हातावर घातली — हाड मोडल्याचा आवाज मला गल्ल्यापाशी ऐकू आला. त्याचा दात फरशीवर पडला, पेढ्यांमध्ये. एक दमला की दुसरा पुढे यायचा. आणि तो माझ्याकडे बघून ओरडत होता.

"भाऊ, सांगा ना ह्यान्ला! पोरीचे पेढे हायेत, भाऊ!"

त्यांचा म्होरक्या टामी घेऊन माझ्याकडे वळला. खरं का, म्हणाला. किती सोपं होतं? नुसतं 'हो' म्हणायचं होतं. टामीला महेबूबचं रक्त लागलेलं होतं, मला तेवढंच दिसत होतं.

मी म्हणालो, "मला न्हाई माहीत."

मग टामी त्याच्या गुडघ्यावर बसली. पुन्हा बसली.

जीप निघून गेल्यावर मीच त्याला दवाखान्यात नेलं. मी त्याला सोडवलं, असं गावात झालं आणि मी ते होऊ दिलं. पोलिसांना सांगितलं, भांडण कशावरून झालं कळलं नाही. महेबूबने माझं नाव घेतलं नाही. का घेतलं नाही? विचारायची माझी छाती झाली नाही. मुलाकडच्यांनी लफडं नको म्हणून नकार कळवला. लुळा हात घेऊन तो दुकान विकून निघून गेला. शकीलाचं पुढे काय झालं, मला माहीत नाही — हे मात्र खरोखरच माहीत नाही.

भ्यालो होतो, हे खरं. पण कोटी केली तेव्हा कुठे भ्यालो होतो?

एक अजून राहिलंय. इथवर टाळत आलो. शकीलाची बोलणी आदल्या दिवशी माझ्याच हॉटेलात झाली होती, कोपऱ्यातल्या बाकावर. मध्यस्थ मीच होतो. पोरगी गुणाची आहे, हे मुलाच्या बापाला मीच पटवलं. आणि जमलं म्हटल्यावर महेबूबच्या पाठीवर थाप मारून मीच म्हणालो होतो — उद्या सकाळी हॉटेलात पेढे घेऊन ये, सगळ्यांना वाट.