कमळपक्षी आणि घरचा कॅमेरा

आमच्या घराण्यात ग्रॅज्युएट झालेली मी पहिली, आणि कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचणारीही मीच. बाकीचे बटणं दाबून पाहतात.

रायपूर राजधानी झालं आणि तळी बुजू लागली. माझ्या ऑफिसमागच्या तळ्याच्या काठावरही मुरमाचे ढीग पडले. त्या तळ्यात कमळपक्ष्याची पिल्लं होती. ती बाप सांभाळतो. धोका दिसला की पंखांखाली उचलून चालू लागतो, पिल्लांचे लांब पाय खाली लोंबत राहतात. तळं बुजायच्या आत मला तेवढा एक फोटो हवा होता.

पहाटेचा उजेड कमी, पक्षी चळवळ्या. म्हणून आदल्या दुपारीच शटर जलद केलं, आयएसओ वाढवला, फ्लॅश बंद केला आणि बॅग खुंटीला अडकवली.

सकाळी पक्षी समोरच होता. बटण दाबलं, तर फ्लॅशच उडाला! बापानं झटकन पिल्लं उचलली. मला हवं होतं तेच दृश्य, आणि दुसऱ्या फोटोत आला फक्त एक पांढरा फराटा. मी मोडची चकती फिरवेपर्यंत स्वारी वेलीआड.

घरी उलगडा झाला. आदल्या संध्याकाळी दीर बारशाला कॅमेरा घेऊन गेला होता.

"भाभी, मैंने ऑटो पे कर दिया था. ऑटो में सब आ जाता है."

"काय आलं? फराटा आला!"

सासूबाई म्हणाल्या, "मीच देल्ला, बाई. पाखराचा फोटो उद्या काढता येते, पोराचं बारसं उद्या होते काय?"



त्या रात्री कॅमेरा उशाशी घेऊनच झोपले. सकाळी सेटिंग चोख. पण डंपर कामाला लागले होते. पक्षी पार पलीकडच्या काठाला, बोटाएवढा. पिल्लं पंखाखाली आहेत, पाय लोंबताहेत, आणि मागे अख्खा पिवळा डंपर मुरूम ओततोय.

दिरानं फोटो निरखून पाहिला. "मस्त है भाभी. बस पीछे का डंपर क्रॉप कर दो."

"नाही करत," म्हटलं. "तो तिथंच होता."