गावावरचं पाणी

रेडिएटर हातात आला की अण्णा आधी तो कानाशी धरायचे आणि नारळ हलवून बघावा तसा हलवायचे. आत खरखर वाजलं की चेहरा खुलायचा.

“माती खाल्लीय लेकरानं,” म्हणायचे. मग माझ्याकडं वळून, “इंजिनीयरबाई, पाणी तापवा की.”

कॉम्प्युटरला कसला आलाय रेडिएटर, असं तुम्हाला वाटेल. मलाही आधी तसंच वाटलं होतं. बेंगळूरच्या इंदिरानगरातल्या आमच्या दुकानात ॲनिमेशनवाल्यांची, गेम खेळणाऱ्यांची मोठी मशीन येतात. ती इतकी तापतात की नुसता पंखा पुरत नाही. मग आत नळ्यांतून पाणी फिरवतात, आणि तापलेलं पाणी गाडीत असतो तसल्याच एका छोट्या रेडिएटरमध्ये निवतं. त्यात डिस्टिल्ड वॉटर घालायचं असतं. लोक घालतात नळाचं, नाहीतर बोअरचं. बोअरच्या पाण्यानं बादलीच्या कडेला पांढरा थर चढतो तो तुम्ही पाहिलाच असेल. तोच थर त्या रेडिएटरच्या बारीक फटींत बसतो. पाणी फिरेनासं होतं, आणि मशीन ऐन कामात बंद पडतं.

असा रेडिएटर धुणं हे आमच्या अण्णांचं काम. दुकानात सगळेच त्यांना अण्णा म्हणायचे. त्याआधी त्यांनी यशवंतपूरला लॉऱ्यांचे रेडिएटर धुण्यात उमर घालवली होती, आणि त्याचा तोरा भारी. “हत्ती धुतलेत मी. हे मांजराचं पिल्लू,” म्हणायचे आणि ॲसिडची बाटली उचलायचे. ते ॲसिड इथं घातलं असतं तर त्या पातळ पत्र्याची चाळण झाली असती. मी बाटली काढून घ्यायचे. आम्ही व्हिनेगर आणि गरम पाणी भरून ठेवायचो, हलवायचो, ओतायचो, आणि मग आतून येणारा पांढरा कचरा थांबेपर्यंत स्वच्छ पाण्यानं खळबळून काढायचो.

“लोणचं घालायलीस व्हय गं?” ते विचारायचे.

“तुमच्या हाती दिलं तर भजं होईल त्याचं.”

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. आई निपाणीला तंबाखूच्या वखारीत राबली म्हणून मी शिकले, आणि हे मी कुठंही सांगते. त्यामुळं ‘इंजिनीयरबाई’ म्हणून ते चिडवायचे तरी मला ती हाक गोड लागायची. तसं मी त्यांना सांगूनही टाकलं.

“मग काय तर! चिडवायचं असतं तर बाई कशाला म्हटलं असतं, इंजिनीयरच्या पोरी म्हटलं असतं.”

“माझे बाबा हमाल होते, अण्णा.”

“म्हणून तर बाई.”

दुकानात कामाची भाषा हिंदी, गिऱ्हाइकाशी इंग्लिश, चहावाल्याशी कन्नड. मराठी आम्हा दोघांतच. तीही आमच्या सीमेकडची, ‘हाय की’ आणि ‘न्हवं’वाली, मधे कन्नडातलं ‘स्वल्प’ म्हणजे जरा आणि ‘सरी’ म्हणजे बरं पेरलेली. पुण्याहून आलेली एक गिऱ्हाईक मुलगी आमचं बोलणं ऐकून म्हणाली, “किती क्यूट बोलता तुम्ही!” अण्णांनी मला विचारलं, “शिवी दिली काय तिनं?”

त्यांचं गाव आमच्याकडच्या एका धरणात गेलं होतं, ते शाळेत असताना. उन्हाळ्यात पाणी बरंच उतरलं तर देवळाचं शिखर दिसायचं. अजून उतरलं तर घरांची जोती दिसतात, असं त्यांनी ऐकलं होतं. शिखर त्यांनी पाहिलं होतं. जोतं कधीच नाही. दर उन्हाळ्यात वर नव्या वसाहतीत राहणाऱ्या पुतण्याला फोन करायचे, “किती उतरलं रे?” आणि पलीकडचं उत्तर ऐकून, “सरी, सरी” म्हणत फोन ठेवायचे.

“काय म्हणाला?”

“शिखरच म्हणतोय.” मग गुडघ्यावर हात घासत, “एकदा उंबऱ्यावर बसायचं हाय गं. मग हे गुडघे ठेवून घे म्हणावं देवाला.”

आता आयुधपूजेची गोष्ट. दसऱ्याच्या आदल्या दिवशी इथं रिक्षापासून लेथपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं. आमच्या दुकानातही मशीनना झेंडूचे हार, दारात फोडलेला कोहळा, हातात चुरमुरे. काउंटरवर एक काचेचं, दिवे लावलेलं मशीन गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवलेलं असतं. नळीतलं पाणी फिरताना त्यात दिसतं. पूजेनंतर काही आठवड्यांनी तेच मशीन तापू लागलं आणि गिऱ्हाइकांसमोर बंद पडू लागलं. दुकानाचे मालक, आमचे सर, वैतागले. मी रेडिएटर काढला आणि अण्णांपुढं धरला. त्या दिवशी त्यांनी तो कानाशी नेला नाही.

“अण्णा, यात काय घातलंत?”

“पाणी.”

“कुठलं पाणी?”

“पाण्यासारखं पाणी.”

“अण्णा.”

“गावाचं,” ते म्हणाले. “म्हणजे गावावरचं.”

दसऱ्याआधी पुतण्या तिकडून धरणाच्या पाण्याचा कॅन आणायचा. दरवर्षी ते त्यातलं थोडं हत्यारांवर शिंपडत. यंदा मशीनमधलं पाणी काढून त्यांनी तेच भरलं होतं.

“अहो, क्षार असतात त्यात! गाळ असतो!”

“गाळ असणारच की. आमची गल्ली हाय ती.”

“पण मशीनमध्ये कशाला?”

“कॅनमध्ये नुसतं पडून असतंय,” ते म्हणाले. “इथं फिरताना दिसतंय.”

मला राग आला होता, आणि मी राग गिळणारी नाही. चांगलं सुनावलं. मग मी त्यातलं पाणी मोरीत ओतायला निघाले, तर त्यांनी माझं मनगट धरलं. “स्वल्प थांब. गटारात नको.” मगमध्ये घेऊन ते रस्ता ओलांडून गेले आणि समोरच्या झाडाच्या बुंध्याशी ओतून आले. रेडिएटर धुवायला आम्हाला पूर्ण दुपार लागली. व्हिनेगरला त्या दिवशी त्यांनी एकदाही हसून नावं ठेवली नाहीत.

मग तो कोरडा उन्हाळा आला. बेंगळूरचे असाल तर तुम्हाला आठवत असेल. बोअर आटले, टँकरसाठी भांडणं झाली, हॉटेलांत कागदी ताटं आली. दुकानात दुसरा विषय नव्हता. अण्णा मात्र मान खाली घालून काम करायचे, आणि मला कळत होतं की ते आनंद लपवतायत.

“पाप हाय गं,” एकदा चहा घेताना म्हणाले. “लोक घागरी घेऊन उभे, आणि मी मनात म्हणतोय, धरण अजून हातभर उतरू दे.”

“तुमच्या म्हणण्यानं उतरत नाही, अण्णा. लॉजिक काहीतरी.”

“बरं झालं बाई शिकलीस,” ते म्हणाले, आणि खरोखर हलके झाल्यासारखे दिसले.

वळवाचे ढग दिसू लागले तेव्हा पुतण्याचा फोन आला. जोती उघडी पडली होती. बोम्मसंद्र्याच्या एका गिऱ्हाइकाचं मशीन अर्धवट खोललेलं तसंच टेबलावर ठेवून अण्णा उठले. सर म्हणाले, दोन दिवस थांबा. “पाऊस थांबतो काय, विचारा की,” म्हणाले, आणि यशवंतपूरला गाडी पकडायला गेले. ते मशीन मी पुरं केलं.

ते परत आले नाहीत. गुडघ्यांनी तिकडंच बसवलं. पावसाळ्यात पाणी पुन्हा चढलं, आणि पुढच्या संक्रांतीआधी ते वारले. आता रेडिएटर मीच धुते. धुता धुता तोंडात मराठी येते आणि बोलायला कुणी नसतं. इंजिनीयर म्हणून मला दिवसभर खूप जण हाक मारतात. मागं बाई लावत नाहीत.

ते तिकडं पोचले त्या दुपारी त्यांनी मला व्हिडिओ कॉल केला होता. फोन पुतण्याच्या हातात, आणि पुढं काठी टेकत अण्णा.

“दिसतंय काय गं?”

मला भेगाळलेला चिखल दिसत होता, आणि त्यात दगडांच्या बुटक्या ओळी. पुतण्यानं बोटानं दाखवलं, त्यांचं जोतं समोरच होतं, एका खोडाशेजारी. पण ते उजवीकडं गेले, मग डावीकडं वळले, मग पुन्हा उजवीकडं.

“काका, सरळ चला की!” पुतण्या ओरडला. “मोकळंच हाय सगळं!”

“सरळ कुठनं जाऊ?” मागं न बघता ते म्हणाले. “शेजारच्या काकूंचं सैपाकघर हाय तिथं.”

एकही भिंत नसलेल्या त्या गल्लीतून, तसल्या गुडघ्यांनी, ते सगळा वळसा घालून गेले. जोत्यापाशी चपला काढल्या. उंबऱ्याचा दगड हातानं पुसला आणि त्यावर बसले, तोंड बाहेर करून.

मी अण्णा, अण्णा म्हणत होते. ते इकडं बघेनात.

“काका, बाई बोलवायलीत.”

“बस की जरा,” ते पुतण्याला म्हणाले. “येतील आता आई-बा शेतातनं.”