खुंटीवरची नाडी

माझ्या स्वतःच्या मयतीला मी पाव किलो खोवा-जलेबी घेऊन पोचलो.

दोष सगळा त्या घड्याळाचा. मी रिटायर झालो, लगेच शुगर निघाली, आणि पुण्याहून आमच्या लेकीनं, पल्लवीनं, एक काळं घड्याळ पाठवलं. ते म्हणे पावलं मोजतं, झोप मोजतं, नाडी मोजतं आणि सगळी चुगली तिच्या मोबाईलवर करतं. "बाबा, रोज आठ हजार पावलं! भात कमी, जलेबी बंद. मला तुम्ही नव्वद वर्षं पाहिजे!"

"नव्वद? तोवर सांभाळते का, ते तुझ्या आईला विचार आधी!" मी म्हटलं.

पण चालू लागलो. आमच्या दीक्षितपुऱ्यातल्या घरून निघायचं, सिविल लाइंसच्या मोठ्या झाडांखालून फेरी मारायची, परत यायचं. आता गंमत अशी की चौतीस वर्षं मी दारूगोळ्याच्या फॅक्टरीत काढली. तिथे माचिस, मोबाईल, घड्याळ, सगळं गेटवर जमा करूनच आत जायचं. ही शिस्त माझ्या हाडात मुरलेली! त्यामुळे 'ड्यूटी'वर निघताना मी फोन आणि घड्याळ दाराजवळच्या खुंटीला टांगायचो आणि मोकळ्या हातानं बाहेर पडायचो. घाम गाळून घरी आलो की घड्याळ पुन्हा मनगटावर.

संध्याकाळी फोन. "बाबा! दिवसभरात नऊशे पावलं? काय करून राहिले तुम्ही?"

"अगं, पाय दुखेपर्यंत चाललो!"

"घड्याळ खोटं बोलते का?"

भांडण सुरू व्हायचं पावलांवरून, आणि मग जेवायला काय केलं, ऑफिसात कोण खडूस आहे, तिच्या कुंडीतल्या मोगऱ्याला कळी आली की नाही, असं करत अर्धा तास जायचा. आधी तिचा फोन रविवारी यायचा आणि तोही आईला. आता रोज, आणि तो मला! मी संध्याकाळी पाच वाजल्यापासून शिव्या खायला तयार होऊन बसायचो.

पंधरा दिवसांनी हिनं मला दारात पकडलं. "काहून हो, घड्याळ खुंटीला टांगून चालून राहिले तुम्ही? पावलं काय खुंटी टाकणार?"

कपाळावर हात मारला. घड्याळ घालून गेलो. नऊ हजार पावलं! संध्याकाळी फोनऐवजी आला एक पिवळा अंगठा. दुसऱ्या दिवशी अंगठा. आठव्या दिवशीही अंगठाच. तब्येत सुधारत होती आणि घर सुनं होत होतं. मला पोरीची फार आठवण यायची. पण 'तुझी आठवण येते' असं सांगायला बापानं फोन करायचा असतो, हे आमच्या घराण्यात कोणी कोणाला शिकवलं नाही. मी फोन केलाच तर "सिलेंडर आला" एवढं सांगतो आणि फोन हिच्या हातात देतो.

म्हणून मी घड्याळाला परत खुंटीवर पाठवलं. पूर्णवेळ! (अकलेचे तारे तोडायला वयाची अट नसते.) ही सिहोऱ्याला बहिणीकडे गेली होती, त्यामुळे विचारणारंही कोणी नव्हतं. संध्याकाळी फोनची वाट पाहिली, पण नेमकी पल्लवी कामात अडकलेली. सकाळी मी रोजच्यासारखा लॅचचं दार ओढून निघालो. लेकीचा फोन नाही तर निदान जलेबी तरी, असा विचार केला.

तिकडे पल्लवीनं मोबाईल उघडला. कालपासून बाबांचं एक पाऊल नाही. नाडी नाही! तिनं फोन केला, तर तो खुंटीवर वाजत राहिला. तिनं शेजारच्या दुबेजींना लावला. दुबेजींनी दाराला कान लावला आणि ओरडले, "फोन अंदर बज रहा है! तोड़ो दरवाज़ा!"

मी परतलो तर गल्लीत ही एवढी गर्दी. चेहरे पडलेले. मी जलेबी पाठीमागे लपवली आणि मान खाली घालून शेवटी उभा राहिलो. समोरच्याला हळूच विचारलं, "कौन गए, भैया?"

"फैक्टरी वाले काका। कल तक तो पैदल घूम रहे थे।"

"अरेरे! भले आदमी थे," मी म्हटलं. मग लक्षात आलं की आमच्या गल्लीत फॅक्टरीवाला काका एकच आहे.

तेवढ्यात दुबेजी घड्याळ हातात घेऊन बाहेर आले. "अरे, ये तो खड़े हैं!" त्यांनी इतक्या नाराजीनं म्हटलं की मला क्षणभर अपराधी वाटलं. त्यांनी फोन माझ्या कानाला लावला. पलीकडे पल्लवी हमसून रडत होती.

"मी बोलून राहिलो, बेटा."

"बाबा! घड्याळ कुठे होतं?"

"खुंटीवर."

"काहून पण?"

अख्खी गल्ली ऐकत होती. मी म्हटलं, "घातलं की तुझा फोन येत नाही ना."

मग ती आधीपेक्षा जास्त रडली, आणि दुबेजींना माझ्या डोळ्यांत पाणी दिसू नये म्हणून मी सगळ्यांना जलेबी वाटून टाकली. दुपारी ही सिहोऱ्याच्या बसनं धापा टाकत आली. तुटलेलं दार पाहिलं, मला पाहिलं, जलेबीचा रिकामा कागद पाहिला, आणि म्हणाली, "जिवंत आहात ना? मग जलेबी कोणासाठी आणली होती, ते सांगा!"

आता पल्लवी रोज सकाळी फोन करते, मी चालत असतानाच. घर येईपर्यंत बोलायचं, असं ठरलंय. परवा तिनं विचारलं, "घर आलं का, बाबा?"

"कुठचं! लांब आहे अजून," मी आमच्याच दारातल्या पायरीवर बसून सांगितलं.

"बाबा, घड्याळ सांगून राहिलं, तुम्ही वीस मिनिटांपासून एका जागी बसले आहात."

चौतीस वर्षं सुपरवायझरच्या हाती न लागलेल्या मला मनगटावरच्या डबीनं पकडून दिलं! चाचरत विचारलं, "मग... ठेवते का आता?"

"नाही," ती म्हणाली. "घर लांब आहे ना अजून? बोला."