कणकेच्या गोळ्या

आमच्या हायस्कुलातले मासे पुण्यानं मेले. पुणे शहर म्हणत नाही मी, पुण्य. गावानं ओंजळी भरभरून जोडलेलं पुण्य. आणि खापर फुटलं माझ्या डोक्यावर. तेव्हा मी आठवीत होते. आता वय विचारू नका, पण राग अजून तेवढाच आहे, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

आमचं गाव मोशीच्या वरच्या अंगाला, इंद्रायणीच्या काठी. तेव्हा पिंपरीकडे कुठं एखादा कारखाना उभा राहत होता, बाकी नजर जाईल तिथवर ज्वारी नाहीतर बाजरी. हायस्कूल नवंच होतं, पत्र्याचं, आठवीपर्यंत. पुढची नववी काढायची, तीही शास्त्र विषय घेऊन, असं शाळा कमिटीच्या मनात होतं. पण त्याला परवानगी लागायची. ती द्यायला शिक्षणखात्याचे साहेब यायचे. गावात त्यांना सगळे दिपोटी म्हणत.

माझ्या बापानं मला आधीच बजावून ठेवलं होतं, "गावात शाळा हाय तवर शीक. पुन्याला धाडायचो न्हाई. वर्ग निघाला तर निघाला, न्हाईतर चूल हायेच." म्हणजे दिपोटीनं मान हलवली तर मी मॅट्रिकपर्यंत शिकणार, नाही हलवली तर लगीन. इतकं सरळ होतं ते.

शास्त्राचे सर कोकणातले. गावाला ते मास्तर, आम्हाला सर. त्यांना समुद्राचं वेड होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी टेबलावर वाळलेला तारामासा ठेवला, शेजारी शंख, एक खेकड्याचं कवच, आणि म्हणाले, "हे सगळे समुद्रातले रहिवासी." आमच्यातल्या एकानंही समुद्र पाहिलेला नव्हता. मग त्यांनी बादलीत खडेमीठ विरघळवलं आणि एकेकाला बोट बुडवून चाटायला लावलं. "समुद्र असा लागतो." पोरं थू थू करत बाहेर पळाली. मी मात्र दुसऱ्यांदा बोट बुडवलं. का ते सांगता येत नाही, पण त्या खारट बोटानं मला शास्त्राची गोडी लावली, एवढं खरं.

भरतीच्या वेळी खडकाच्या खळग्यात काय काय अडकतं, तारामाशाचा हात तुटला तर नवा कसा फुटतो, समुद्रघोड्याचा नर पोटाच्या पिशवीत अंडी कशी सांभाळतो, हे सर सांगायचे आणि मी तोंड उघडं टाकून ऐकायची. नर पिल्लं सांभाळतो म्हटल्यावर पोरं खो खो हसली होती. मला काही हसू आलं नाही. मला वाटलं, एवढं जग आहे, आणि आपल्याला नदीच्या पलीकडचं काही ठाऊक नाही.

समुद्रातले जीव आमच्याकडे जगायचे नाहीत. म्हणून सरांनी ठरवलं, काचेची पेटी करायची आणि नदीतले मासे पाळायचे. "आधी नदी सांभाळायला शिका, मग समुद्राचं बघू." चौकट गावच्या लोहारानं केली. काचा पुण्याहून एस.टी.च्या टपावर पोत्यात गुंडाळून आल्या. खडूची भुकटी जवसाच्या तेलात मळून आम्ही लांबी केली आणि फटी बुजवल्या. दोनदा गळली, तिसऱ्यांदा टिकली. गावाला केवढी गंमत! माळकऱ्यांचं गाव आमचं, मासळी कुणाच्या घरात शिजत नसे. येता-जाता लोक सरांना चिडवायचे, "काय मास्तर, मोठे झाले की कालवन का?" सर हसायचे. बापालाही मी पटवलं, की पाळायचे आहेत, खायचे नाहीत. तो म्हणाला, "मग हरकत न्हाई. मुकं जित्राब."

मासे धरायला पोरं होती, हौसेनं धोतराच्या झोळ्या करून नदीत उतरली. पण पाणी आणायची वेळ आली तसे सगळे पसार. पाणी भरणं म्हणजे बायकांचं काम ना! वर्गात मुली आम्ही तिघी. त्यातल्या दोघी माशाला किळसायच्या. राहिले मी. बरं झालं म्हटलं.

नदीचं पाणी कळशीनं आणायचं, रांजणात ठेवून गाळ बसू द्यायचा, मग पेटीतलं थोडं काढून थोडं घालायचं. सगळं एकदम बदलायचं नाही. काचेवरचं शेवाळ नारळाच्या शेंडीनं घासायचं. वीज नव्हती, तेव्हा हवा मिळावी म्हणून डब्यानं पाणी उचलून उंचावरून पुन्हा पेटीत सोडायचं. आणि खाणं चिमूटभर. त्यावर सर फार कडक. "मासा उपाशी राहिला तर चालेल, पण घास उरता कामा नये. उरलेलं कुजतं, पाण्यातली हवा खातं, आणि मासा गुदमरतो." हे मला आजही झोपेतून उठवून विचारा.

बोटाएवढे चंदेरी मासे होते, शेपटीपाशी काळा ठिपका. मी जवळ गेले की काचेपाशी जमायचे. मला ओळखायचे म्हणा की डब्याला ओळखायचे म्हणा, मी आपलं मला ओळखतात असंच धरून चालले होते.

महिन्याचे ते दिवस आले की आई मला बाहेर बसवायची. कावळा शिवला की शाळा बंद, आणि पेटी तर बंदच बंद. तेवढे दिवस सर स्वतः पाणी भरायचे. का आली नाहीस म्हणून त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. त्यांची तेवढी गोष्ट मी अजून मानते. बाकीचं मानत नाही.

दिपोटीचा दिवस ठरला. द्वादशीला सकाळी येणार. कमिटीच्या चेअरमनला आदल्या दिवशी पेटीचं उद्घाटन करायची हुक्की आली. एकादशी, चांगला दिवस! हे चेअरमन म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. शाळेची जागा त्यांची, पत्रे त्यांचे, आणि सरांची नोकरीही त्यांच्याच हातात. त्यांनी नारळ फोडला, काचेला हळदकुंकू लावलं, हार घातला. इथवर ठीक होतं.

आमच्याकडे एकादशीला नदीच्या डोहावर जाऊन माशांना कणकेच्या गोळ्या घालतात. पुण्य लागतं म्हणे. स्वतः उपाशी राहायचं आणि माशांना मेजवानी! त्या दिवशी बाया ताटलीत गोळ्या घेऊन डोहाकडे निघाल्याच होत्या, वाटेत शाळेत थांबल्या. नदी आटून पार खाली गेलेली. चेअरमन काचेपाशी उभे राहून म्हणाले, "आता डोहापातूर तंगडतोड कशाला? मासे हितंच हायेत की. घाला गं बायांनो." आणि पहिली गोळी त्यांनीच टाकली.

झालं. रांगच लागली. बाया, म्हातारे, कडेवरची पोरं. एकेक जण हात जोडायचा आणि मूठ रिकामी करायचा. मासे आधी तुटून पडले, मग त्यांनी तोंडं फिरवली. गोळ्या तळाशी बसायला लागल्या. मी आडवी आले. "नका हो घालू, मरतील ते!" एक म्हातारी माझ्यावर अशी काही कडाडली, "मुक्या जिवाच्या तोंडचा घास काढती? कुटं फेडशील गं हे?" मी सरांकडे पाहिलं. ज्यांनी मला चिमूट शिकवली ते सर चेअरमनच्या मागं हात जोडून उभे. म्हणाले काय, तर, "थोडं थोडं घाला हं." आणि हसले. कसलं हसू ते!

त्या रांगेत आई पण होती. घरात कणीक सणासुदीला निघायची, पण तिनं त्या दिवशी मुद्दाम मळली होती. गोळ्या पाण्यात सोडून ती माझ्या कानाशी म्हणाली, "तुज्या पेटीला यश यावं म्हून गं."

माणसं पांगल्यावर मी कोपरापर्यंत हात घालून हाताला लागलं तेवढं काढलं. पण कणीक पाण्यात विरघळत गेली. रांजणातलं पाणी होतं ते घातलं. नदीवर जायला निघाले तर बापानं हाक मारून घरी नेलं.

सकाळी पळत गेले. खोलीत आंबूस वास. पाणी ताकासारखं पांढरं. मासे वर आडवे, एकाचंच तोंड हलत होतं. मी डब्यानं पाणी उचलून सोडत राहिले, सोडत राहिले, आणि तो माझ्यासमोर मेला. मी भोकाड पसरलं तशी माणसं गोळा झाली.

सगळे पेटीत बघत होते. तळाशी पांढऱ्या फुगलेल्या गोळ्या आंधळ्यालाही दिसल्या असत्या. कुणीतरी हळूच म्हणालं, "एकादशीचं खाऊन मेले व्हय?" एकादशीला जीवहत्या! ती कुणाच्या माथी? सगळ्यांच्याच मुठी त्यात. एकमेकांकडे बघेनात.

मग कालची ती म्हातारी पुढं झाली. "पेटीला रोज हात कुनाचा लागतो?"

"हिचा की."

"मग झालं तर. विटाळ झाला पान्याला."

आख्ख्या खोलीनं सुटकेचा निःश्वास टाकला. मला ऐकू आला तो. व्हय व्हय, विटाळच, दुसरं काय. एका शब्दात सगळं गाव धुतल्यासारखं स्वच्छ झालं.

अरे, पण मी त्या वेळी बाहेर बसलेच नव्हते! डोक्यावरून पाणी घेऊन मला बरेच दिवस झाले होते. हे मला ठाऊक, आणि आईला ठाऊक. पण पुरुषांनी भरलेल्या खोलीत पोरीनं हे बोलायचं कसं? जी गोष्ट आयुष्यात कुणापुढं उच्चारायची नाही असं शिकवलं, तीच सांगितल्याशिवाय माझी सुटका नव्हती. मी आईकडे पाहिलं. बोल ना गं, तू बाई आहेस, तू बोलू शकतेस. आईनं पदर दातात धरला आणि जमिनीकडे पाहत राहिली.

तेवढ्यात दिपोटी आले. शिकलेला माणूस, विटाळ-बिटाळ मानणारा नव्हे. नाकाला रुमाल लावून त्यांनी सरांना विचारलं, "हे कशानं झालं हो?"

मला वाटलं, आता सर सांगतील. सांगायला काय लागत होतं? बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं. सरांनी चेअरमनकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "पेटी एका विद्यार्थिनीकडे होती, साहेब. पाणी बदलण्यात हलगर्जी झाली." म्हणजे तेच! त्याच विटाळाला सरांनी धुतलेला सदरा घालून साहेबांपुढं उभं केलं.

साहेब म्हणाले, "मुलींवर कशाला टाकता असली कामं? मुलग्यांना द्या." मग बाकीची शाळा पाहिली, शिरापुरी खाल्ली, आणि परवानगी देऊन गेले.

हो, दिली परवानगी! वर्ग निघाला. नववी, शास्त्रासकट. नवे मासे आले. फक्त मुलींनी पेटीला हात लावायचा नाही आणि शास्त्राच्या तासाला शिवण घ्यायचं, असं कमिटीनं ठरवलं. बाप म्हणाला, "चारचौघात नाव निघालं तुजं. आता बास." वर्ग गावात होता, घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि मी चुलीपुढं.

सर एकदा आमच्या ओट्यापर्यंत आले होते. "वाईट वाटून घेऊ नकोस. माझा इलाज नव्हता." इलाज नव्हता म्हणे! तोंड होतं की. मी आत निघून गेले. त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

पुढं मला निघोज्याला दिली. संसार झाला, चांगला झाला, त्याबद्दल तक्रार नाही. समुद्र काही पाहणं झालं नाही.

आई थकल्यावर काही दिवस माझ्याकडे राहायला आली होती. एकादशी आली तशी तिनं पाटावर बसून कणीक मळली, गोळ्या वळल्या आणि ताटली माझ्यापुढं सरकवली. "माज्यानं चालवत न्हाई. तेवढ्या नदीला घालून ये बये."

इतकी वर्षं गिळलेलं तेव्हा बाहेर पडलं. "आई, त्या दिवशी तुला ठाऊक होतं. का बोलली नाहीस?"

तिनं कुठला दिवस म्हणून विचारलं नाही. हाताची कणीक खरवडली. मग म्हणाली, "काय बोलनार? तुजा विटाळ न्हाई म्हनलं असतं, तर गोळ्यांचा दोष म्हनावं लागलं असतं. त्यात माज्या बी व्हत्या की. एकादशीचं पाप, कुटं फेडलं असतं मी?"

"आणि माझं?"

"तुजं काय, लगीन झालंच की."

मी ताटली उचलली. परसात गेले आणि गोळ्या कोंबड्यांपुढं टाकल्या. आत आले तर तिनं विचारलं, "घातल्यास?"

"घातल्या," म्हटलं. तिनं डोळे मिटून हात जोडले.