केमोच्या दिवसांतली सावड

वहिनीला स्तनाचा कॅन्सर असल्याचं कळलं त्याच आठवड्यात आम्ही कामं वाटून घेतली. दादाने तिच्याबरोबर पुण्याला जायचं. कागदपत्रं आणि पैशांची जुळवाजुळव मी बघायची. मी बारामतीत एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करते, त्यामुळे अर्ज, झेरॉक्स, शिक्के हा रोजचाच व्यवहार. इंदापूरच्या तहसील कचेरीत दोन खेपा घालून उत्पन्नाचा दाखला काढला. सरकारी योजनेत नाव बसलं आणि ऑपरेशनचा, केमोचा मोठा खर्च सुटला.

तरी बरंच उरत होतं. स्कॅन, दर केमोआधी रक्ततपासणी, पेशी वाढवायची इंजेक्शनं, गाडीभाडं, औषधं. डॉक्टरांनी एक गोष्ट दोनदा बजावली होती: काहीही होवो, मध्ये खंड पडू द्यायचा नाही.

दादा-वहिनी डाळजला शेती करतात. उसाचं बिल वर्षातून एकदा, तेही हप्त्यांनी येतं. दर आठवड्याला हातात पैसा देणारं पीक एकच होतं, विहिरीजवळची भेंडी. एक प्लॉट संपत आला की दुसरा सुरू, असं वहिनीने बसवलेलं होतं. पण भेंडी दिवसाआड तोडावीच लागते. एक दिवस चुकला तर निबर होते, मग व्यापारी हात लावत नाही. आजवर तोडणी वहिनीच करायची. आता मजुरीच्या बाया लावल्या असत्या तर निम्मे पैसे तोडणीतच गेले असते, आणि उरलेल्यात इंजेक्शनं बसत नव्हती.

मी सुचवलं की वहिनीचा फोटो आणि खात्याचा क्यूआर कोड गावच्या ग्रुपवर टाकू. हल्ली सगळेच टाकतात.

"वन्सं, फोटू टाकायचा न्हाय," वहिनी म्हणाली.

"अगं, लोक मनापासून देतात."

"देतील की. पर मग बाजारात गेलं की जो तो आधी माझ्या डोस्क्याकडं बघंल. मग मला भेंडीचा भाव कोण सांगणार?"

माझ्याजवळ शिल्लक होती तीही तिने घेतली नाही. तुमच्या पोरीच्या शिक्षणाची ती, म्हणाली. त्याऐवजी तिने संध्याकाळी वस्तीवरच्या चार बायकांना चहाला बोलावलं. त्यांत सगळ्यात मोठ्या म्हणजे तिच्या चुलत जाऊबाई. त्यांना सगळे आक्का म्हणतात. वहिनीने सावडीचं बोलणं काढलं. सावडीत मजुरी नसते. आज तू माझ्या रानात, उद्या मी तुझ्या. अडचण एवढीच की डॉक्टरांनी वहिनीला मातीत हात घालायला आणि वजन उचलायला मनाई केली होती. पण लग्नात आलेलं शिलाई मशीन घरात होतं आणि तिचा हात चांगला होता. तुम्ही तोडणीचे दिवस द्या, मी ब्लाऊज शिवून फेडते, असा तिचा हिशोब होता.

"साधं ब्लाऊज म्हंजे एक दिवस," वहिनी म्हणाली.

"आणि अस्तराचं?" चौघींतली पलीकडच्या मळ्यातली विचारायला लागली.

"दीड."

"दीड? भेंडीनं आमचं हात खाजत्यात. तुझ्या मशीनला काय खाजतंय?"

"तुला अस्तर पायजे, लेस पायजे, मागं दोरी पायजे. दोरी सोड, एका दिवसात बसवते."

"हिला या वयात दोरी कशाला?" आक्का म्हणाल्या. "बांधणार कोण?"

"ते तुमी नका बघू, आक्का."

हसण्यात दोरीसकट सव्वा दिवस ठरला.

मी कामं आखून करणारी बाई आहे, त्यामुळे दुसऱ्याची आखणी मला चटकन कळते. वहिनीची आखणी माझ्यापेक्षा सरस होती. केमो दर तीन आठवड्यांनी. पहिल्या आठवड्यात ती अंथरूण धरून असायची. दुसऱ्यात मान वर काढून कापडं बेतायची. तिसऱ्यात मशीन सुरू. बायकांची मापं तिसऱ्या आठवड्यातच घ्यायची, तीही अंगणात आणि तोंडाला मास्क लावून. केमोच्या दिवशी एका हाताला सलाईन असायचं आणि दुसऱ्या हातात फोन. "तोडली का? किती क्रेट भरलं? मोठ्या भेंड्या तळाला घालू नका, व्यापारी उपडं करून बघतो." शेजारच्या खाटेवरची पेशंट एकदा दादाला म्हणाली, तुमच्या मंडळींचं ऐकत बसलं की माझा वेळ बरा जातो.

नंतर औषध बदललं आणि वहिनीच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या, पुढे बोटं बधिर झाली. एका दुपारी पिवळ्या कापडावर लाल ठिपके दिसले तेव्हा तिला कळलं की सुई बोटात गेली आहे. त्याच आठवड्यात, रविवारी मी औषधं घेऊन डाळजला गेले होते. तोडणी आटोपून बायका हात धूत होत्या. वहिनी ओट्यावर येऊन उभी राहिली.

"परवापासनं येऊ नका," ती म्हणाली. "मला फेडता यायचं न्हाय."

मी मनात आकडे मांडायला लागले. मजुरीची माणसं लावायची तर पुढच्या केमोची इंजेक्शनं अडत होती. माझे पैसे पुन्हा पुढे करावेत, तर ती काय म्हणणार हे माहीत होतं.

आक्कांनी पदराला हात पुसले. "माझी तीन ब्लाऊजं हायत तुझ्याकडं. त्यांचं काय करू?"

"दुसरीकडं टाका, आक्का."

"दिवस मी तुला दिलं, दुसरीला न्हाय."

"बोटं चालत न्हायीत."

"मग? डॉक्टर काय म्हणला?"

"हळूहळू येत्याल म्हणला. लई महिनं लागतील."

"तवा शीव. न्हाय जमलं तर माझ्या रानात तोडायला ये. पर माफ करणार न्हाय, आत्ताच सांगून ठेवते."

वहिनी ओट्याच्या कडेला बसली. मग म्हणाली, "आणि मला काय झालं तर?"

आक्कांनी पायांत चपला सरकवल्या.

"तर बुडलं माझं," त्या म्हणाल्या. "भेंडीचा भाव पडल्यावर बुडतंच की. परवा सकाळी लवकर येतो, ऊन हुतंय. क्रेट धुवून ठेव म्हणावं तुझ्या मालकाला."

पलीकडच्या मळ्यातली जाता जाता म्हणाली, "माझं दोरीचं हाय गं. ते आधी."

वहिनी आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी क्रेट धुवायला घेतले. भाव त्या महिन्यात दोनदा पडला, पण तोडणी एकदाही चुकली नाही. आणि केमोसुद्धा एकदाही चुकली नाही.

आता वहिनीच्या गोळ्या सुरू आहेत. त्या काही वर्षं घ्यायच्या आहेत आणि दर थोड्या महिन्यांनी तपासणी. बोटं बरीचशी परत आली आहेत. खर्च संपलेला नाही, पण भेंडी त्याला पुरते.

मध्यंतरी तपासणीसाठी तिला बारामतीला न्यायला मी सकाळी गाडी घेऊन गेले, तर घराला कुलूप. ती आक्कांच्या रानात होती. अंगात दादाचा जुना शर्ट, हातात मोजे, डोक्याला रुमाल, आणि रुमालाखालून नवे कुरळे केस बाहेर आलेले. भरलेली पाटी आक्का उचलत होत्या, कारण वहिनीला ऑपरेशनच्या बाजूच्या हाताने वजन चालत नाही.

"वन्सं, उद्या जाऊ," ती सरीतूनच म्हणाली. "आज आक्काचा दिवस हाय."

"वेळ आजची घेतली आहे."

"न्या तिला," आक्का म्हणाल्या. "नुसत्या गप्पा हाणतीया. पर आजचा अर्धाच दिवस धरणार."

"अर्धा कसा? सूर्य कुठं आलाय बघा की. पाऊण तरी धरा."

"पाऊण धरायला पाट्या कोण उचलतंय?"

दोघींचं ठरेना. मी बांधावर गेले, दवाखान्यात फोन लावला आणि तपासणीची वेळ दुपारची करून घेतली.