गोटहोल्ड लेंक यांची नम्र विनंती

गोटहोल्ड लेंक यांचं पत्र तिसऱ्यांदा परत आलं, ते एका शब्दापायी. त्यांनी लिहिलं होतं, 'कारखाना सरकारला विकण्यास मी संमती देतो.' जिल्हा कचेरीतल्या क्राउस्पेसाहेबांनी 'संमती देतो' खोडून बाजूला लिहिलं होतं, 'विनंती करतो'.

१९७२चा एप्रिल चालू होता. पूर्व जर्मनीतल्या सॅक्सनीच्या डोंगरात वसलेल्या त्या गावात घरटी एक जण तरी ब्रश बनवत आला होता. लेंकांचा कारखाना आजोबांनी काढलेला. कपड्यांचे आणि दाढीचे ब्रश, चौदा माणसं, त्यात अकरा बायका. वडिलांनी दारावर लावलेल्या पाटीवर 'लेंक आणि चिरंजीव' असं होतं. त्यातले चिरंजीव म्हणजे खुद्द गोटहोल्ड, वय वर्षं बावन्न, गुडघे कामातून गेलेले. बारा वर्षांपूर्वी सरकार भागीदार म्हणून आत आलं, तेव्हा त्यांनी मुकाट जागा करून दिली होती. आपला माल पश्चिमेकडे खपतो, सरकारला तिकडचं चलन मिळतं, मग आपल्याला कोण कशाला हात लावेल, अशी त्यांची भाबडी समजूत होती. बुडीत धंद्याकडे सरकार ढुंकून पाहत नाही. यांचा चालता होता, तोच डोळ्यांवर आला.

जबरदस्ती कोणी केली नाही. फेब्रुवारीपासून फक्त ब्रशांना लागणारे डुकराचे केस यायचे थांबले. ते चीनहून येत आणि सरकारी वाटपाशिवाय मिळत नसत. बायकांनी आधी उरलेसुरले केस ओवले, मग झाडून काढलेले निवडून ओवले, आणि मार्चअखेर त्या ब्रशांच्या रिकाम्या लाकडी पाठींसमोर हात बांधून बसल्या. काम संपलं की पगार संपणार, हे सांगायची गरज नव्हती.

गोटहोल्ड पत्र घेऊन कचेरीत गेले.

"साहेब, विकतो असं लिहिलंय की मी. आणखी काय हवंय?"

"अहो लेंक, संमती कधी देतात? कोणी मागितलं तर. आम्ही कुठे काय मागितलंय?" क्राउस्पे अगदी समजुतीच्या सुरात बोलत होते. "तुम्हालाच वाटतंय, कारखाना जनतेचा व्हावा. मग तसं लिहा. लाज कसली त्यात?"

"मला तसं वाटत नाही, साहेब."

"मग नका लिहू. बळजबरी थोडीच आहे?"

"आणि केस?"

"विनंती आली की गाडी सुटेल."

परत आले तर दारातच हुल्डा मेनेल उभी. चौदाव्या वर्षी ती या कारखान्यात आली, ती आजतागायत. गोटहोल्ड पोरसवदा होते तेव्हा भोकातून तारेने केसांचा झुपका कसा ओढायचा, ते तिनेच बोटांवर चापट्या मारत शिकवलं होतं. पुढच्या वर्षी ती निवृत्त होणार होती.

"काय मालक, टेकलात की काय गुडघे?"

"नाही."

"शाबास! शेजारच्या लाकूडवाल्याने म्हणे स्वतःहून अर्ज दिला. स्वतःहून! नंदीबैल मेला." ती जवळ आली. "तुम्ही नाही म्हणताय ना, मग कचेरीवाले ठरावासाठी सभा घेतील तेव्हा माझा हात वर जायचा नाही. बाकीच्या काय करायचं ते करोत."

तेव्हाच सांगायला हवं होतं, की हुल्डा, आता निभत नाही. पण त्या बाईच्या डोळ्यांत एवढा अभिमान होता की त्यांची जीभच उचलली नाही. मंगळवारी त्यांनी पत्र चौथ्यांदा लिहिलं. 'स्वेच्छेने विनंती करतो.' ते टाकून आले आणि ब्र काढला नाही. फायलीत पडेल, कोण बघतंय, असं त्यांनी स्वतःला समजावलं. स्वतःची इतकी शरम त्यांना कधी वाटली नव्हती.

गुरुवारी गाडी आली. खोकी फुटली, केसांचा तो उग्र वास सुटला आणि बायका लग्नघरासारख्या कलकलाट करू लागल्या.

"बघितलंत मालक?" हुल्डा ओरडली. "ताणून धरलं की झक मारत देतात!"

"हो," गोटहोल्ड म्हणाले.

शुक्रवारी क्राउस्पे सभा घ्यायला आले. कारखाना जनतेचा होतोय, त्याचं कामगार स्वागत करतात, असा ठराव. भराभर हात वर गेले. हुल्डाचे दोन्ही हात मांडीवर होते.

"काय बाई, ऐकू आलं नाही का?"

"आलं. मालकांना विकायचं नाहीये. ज्याचं आहे त्याच्या मनात नाही, आणि आम्ही स्वागत करायचं? मला नाही जमायचं."

क्राउस्पेंनी वहीत तिचं नाव लिहून घेतलं. मग फाइल उघडून पत्र वाचून दाखवलं, तारखेसकट, सावकाश. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं.

हुल्डा गोटहोल्डकडे वळली. "हे खोटं आहे ना, मालक? यांनी लिहून घेतलं ना तुमच्याकडून?"

तिला 'हो' एवढंच ऐकायचं होतं, आणि ते खरंही होतं. गोटहोल्डनी ओळीने चेहऱ्यांकडे पाहिलं, ओट्यावरच्या खोक्यांकडे पाहिलं. ती खोकी तासाभरात परत गाडीत चढली असती.

"सांगा ना, लेंक," क्राउस्पे म्हणाले.

"मीच लिहिलं," गोटहोल्ड म्हणाले. "माझ्या मर्जीने."

"मंगळवारची तारीख आहे," हुल्डा हळूच म्हणाली. "आणि काल मी खुळ्यासारखी नाचत होते. मला एकटीला तरी सांगायचंत."

तिने हात वर केला. क्राउस्पेंनी ठरावावर 'एकमताने' असं लिहिलं आणि वही खिशात घातली. टाळ्या सुरू झाल्या. गोटहोल्डही वाजवत होते, आणि हुल्डाचा हात अजून तसाच वर होता. तो खाली घे म्हणायची त्यांची हिंमत झाली नाही.